पायाखालची लय : ‘आगगाडी व जमीन’ या कवितेचा छंद, यमक आणि रूपबंध

१

आगगाडीवरील कवितेच्या रूपाचा विचार निघाला की तो बहुधा अनुकरणाच्या कल्पनेपाशी येऊन थांबतो. चाकांचा ठेका आणि पद्याचा ठेका यांत साम्य दाखविले की छंदाची मीमांसा पुरी झाली, असे मानले जाते. या समजाला आधार नाही असे नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या बालकवितांच्या संग्रहात डब्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यांची एक कविता आहे. आठ-आठ ओळींची दोन कडवी, जोडयमके, प्रत्येक ओळीत चार आघात आणि दोन आघातांमध्ये बहुधा दोन हलकी अक्षरे अशी तिची रचना आहे. ती मोठ्याने वाचणाऱ्याला श्वास घेण्यास सवड मिळत नाही, आणि हीच तिची किमया समजली जाते. डब्ल्यू. एच. ऑडनने १९३६ साली ब्रिटिश टपाल खात्याच्या चित्रपट विभागाच्या माहितीपटासाठी रात्रीच्या टपालगाडीवर लिहिलेली कविता तर प्रत्यक्ष चालत्या गाडीच्या चित्रांवर आणि बेंजामिन ब्रिटनच्या संगीतावर बसविलेली आहे. चढणीवर तिची पदे संथ, भारदस्त चालतात आणि उतार लागताच ओळी आखूड व द्रुत होतात. मराठीत मामाच्या गावाला नेणाऱ्या गाडीचे ग. दि. माडगूळकरांचे गीत ध्वन्यनुकारी शब्दांच्या पुनरुक्तीवरच उभे आहे.

या तिन्ही रचना परस्परांपासून दूर असल्या, तरी एका बाबतीत त्या सारख्या आहेत. त्यांतील गती ही गाडीची गती आहे आणि तिच्याकडे पाहणारी दृष्टी गाडीच्या बाजूची आहे. माणूस डब्यात बसला आहे, किंवा निदान त्याचे मन गाडीबरोबर धावते आहे. भूमी मागे पळते, झाडे मागे पळतात. भूमीला काही म्हणावयाचे असेल अशी शंका अशा कवितेत सहसा उद्भवत नाही. पद्याचा ठेका चाकांपासून घेतला की दृष्टीही चाकांवर स्वार होते, असे या संबंधाचे सूत्र मांडता येईल.

कुसुमाग्रजांची ‘आगगाडी व जमीन’ ही कविता या सूत्राला अपवाद आहे. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विशाखा’ या संग्रहातील ही कविता अनेक पिढ्यांना पाठ आहे. ती जितकी पाठ झाली तितकी तिच्या रूपाची चिकित्सा मात्र झालेली नाही. जमीन म्हणजे शोषित, गाडी म्हणजे सत्ता किंवा भांडवल, आणि शेवटचा अपघात म्हणजे क्रांती, असे समीकरण एकदा मांडले की कविता संपली असे वाटते. छंद हा त्या समीकरणाला वाहून नेणारा डबा ठरतो. प्रत्यक्षात या कवितेचा छंद समीकरणाच्या पुढे जातो आणि काही ठिकाणी त्याला छेदही देतो.

२

कवितेची घटना थोडक्यात अशी. जमीन गाडीच्या पायाशी पडून विनवणी करते. तू मजेत वरून धावतेस, मी खाली चिरडली जाते, माझ्या छातीत खिंडारे पडतात, अंगावर निखारे ओतले जातात, असे तिचे गाऱ्हाणे आहे. गाडी धूर सोडीत माजोरी उत्तर देते. दुबळ्यांनी ओरडावे, भेकडांनी जगावेच कशाला, आपण अशाच पोलादी टाचा रोवीत धावणार, असे ती म्हणते आणि आपल्या चक्रांना गर्जण्याची आज्ञा करते. मग ती घाटात शिरते. इकडे जमीन संतापाने थरारते, डोंगरकपारी घुमतात, पूल कलतो, आणि गाडी दरीत पडून तिची शकले होतात.

या घटनेत प्रवासी नाही. गाडी चालविणारा नाही, स्थानक नाही, गंतव्य नाही. गाडी कोठून कोठे चालली आहे हे कवितेला ठाऊक नाही आणि ते जाणून घेण्याची तिला गरजही वाटत नाही. गाडीचा वेग येथे डोळ्यांनी पाहिला जात नाही. तो खालून, वजनाच्या रूपाने अनुभवला जातो. खिडकीतून पाहणाऱ्या कवितेत जे मागे पळते, ते येथे जागच्या जागी चिरडले जाते. दृष्टिकोणाची ही उलटापालट केवळ कल्पनेच्या पातळीवर राहिली असती, तर कविता एक चमत्कृतिपूर्ण रूपक ठरली असती. ती छंदातही उतरली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

कवितेला ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच सह्याद्री फोडून लोहमार्ग भोर घाट आणि थळ घाट चढला. बोगदे, खिंडी आणि दऱ्यांवरील कमानी पूल यांच्या त्या कामात असंख्य मजूर दगावले. १८६७ साली भोर घाटातील एक कमानी पूल ढासळलाही होता. नाशिकच्या परिसरात वाढलेल्या कवीला थळ घाटाची वाट अपरिचित असणे शक्य नव्हते. तरीही कविता कोणत्याही एका घाटाचे नाव घेत नाही. तिला घाट, दरी आणि पूल एवढेच पुरतात, कारण तिचे खरे स्थळ वर आणि खाली या दोन शब्दांमधील अंतर हे आहे.

३

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’त मराठी पद्याचे वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग केले. वृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांची संख्या, आणि छंदात केवळ अक्षरसंख्या. ‘आगगाडी व जमीन’ ही या तिसऱ्या वर्गातील रचना आहे. तिचा चरण सहा अक्षरांचा आहे. दोन चरणांची एक ओळ आणि अशा दोन ओळींची एक द्विपदी होते. यमक प्रत्येक ओळीच्या शेवटी, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या चरणाच्या अखेरीस पडते. छपाईत ओळ कशीही तोडली, तरी कानाला ही मांडणी स्पष्टपणे ऐकू येते.

सहा अक्षरी चरण मराठी कानाला नवा नाही. मोठ्या अभंगाची घडण सहा, सहा, सहा आणि चार अशी असते. पहिले तीन चरण एकमेकांवर चढत जातात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणांना यमक बांधून ठेवते, आणि चौथा चार अक्षरी चरण त्या चढलेल्या गतीला उतरवून थांबवितो. अभंगाची शांती पुष्कळ अंशी या आखूड चरणात आहे. तेथे टाळ थांबतो, नाम येते, किंवा विधानाचा निर्णय लागतो. कुसुमाग्रजांनी अभंगाचा सहा अक्षरी चरण घेतला, पण हा थांबविणारा चरण वगळला. सहावर सहा असेच चरण ते रचीत जातात. ज्या ठिकाणी अभंग विसावला असता त्या ठिकाणी येथे आणखी दोन अक्षरे येतात आणि ओळ पुढे ढकलली जाते. यमकाची जागाही त्यामुळे बदलते. अभंगात यमक मध्ये असते आणि शेवट यमकापासून मोकळा असतो. येथे यमकच शेवट आहे, आणि पुढच्या ओळीसाठी तेच निमित्त होते.

गाडीला गतिरोधक नसल्याचे कविता कोठे सांगत नाही. छंद मात्र तेच करतो.

या निवडीचे महत्त्व ‘विशाखा’तीलच दुसऱ्या एका कवितेशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या कवितेतही भूमी स्त्रीरूपाने बोलते. तेथे ती सूर्याला आळविते आणि तिची भाषा भुजंगप्रयाताच्या चालीवर जाते. विषम चरणांत चार यगण आणि सम चरणांत शेवटचे एक अक्षर कमी अशी ती रचना आहे. बारा अक्षरे आणि तीन-तीन अक्षरांचे चार गट, हा सांगाडा तेथील विषम चरणाचा आहे आणि ‘आगगाडी व जमीन’मधील ओळीचाही आहे. परंतु तेथे प्रत्येक गटात एक लघु आणि दोन गुरू हा क्रम अटळ आहे, तर येथे गटातील लघुगुरू मोकळे आहेत. पृथ्वी म्हणून बोलताना भूमीला संस्कृत वृत्ताची कक्षा लाभते. जमीन म्हणून बोलताना तिला ओवी-अभंगाचा मोकळा, जमिनीलगतचा चरण मिळतो. नावातील फरकही तेच सांगतो. ‘पृथ्वी’ हा ग्रह आहे. ‘धरणी’ हा शब्दही तीन अक्षरी असून छंदात सहज बसला असता, पण कवीने निवडला तो ‘जमीन’ हा फार्सी मुळाचा, शेतसाऱ्याच्या आणि खरेदीखताच्या व्यवहारातला शब्द. मोजली जाते, विकली जाते आणि लोहमार्गासाठी ताब्यात घेतली जाते, ती जमीन होय.

१९४० साली अनिलांची ‘भग्नमूर्ती’ प्रसिद्ध झाली होती आणि मुक्तछंदाचा मार्ग कवींपुढे खुला होता. यंत्रयुगाच्या विषयाला नवे, सैल रूप शोधण्याची मुभा असताना कुसुमाग्रजांनी जुन्या चरणाची घट्ट चौकट पत्करली. तिच्यातील निर्णायक भाग वगळून तिला विषयाच्या योग्य केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

४

सहा अक्षरी चरणाची अंतर्रचना याहून लक्षणीय आहे. चरण सर्वत्र तीन आणि तीन असा दुभंगतो. कवितेतील एकही शब्द तीन अक्षरांची सीमा ओलांडीत नाही. बहुतेक शब्द नेमके तीन अक्षरांचे आहेत. छातीत, कितीक, निखारे, दुर्बळ, भेकड, पोलादी, घाटात, पहाड, कपारी, हजार, शकले अशी ही मालिका आहे. मराठी पद्यात शब्द आणि गण यांच्या सीमा एकमेकींना छेदत राहिल्या की लयीत लवचिकपणा येतो. येथे तो मुद्दाम टाळलेला दिसतो. प्रत्येक शब्द हा एक स्वतंत्र आघात आहे.

छंदात पठणाच्या वेळी प्रत्येक अक्षर गुरूसारखे लांबविले जाते, हे गृहीत धरल्यास तीन अक्षरांना सहा मात्रा मिळतात आणि षण्मात्रक आवर्तने एकामागून एक पडत जातात. पण मराठी उच्चारात शब्दान्तीचा अकार जवळजवळ लोपतो. ‘जमीन’, ‘वरून’, ‘कितीक’ हे शब्द बोलताना दोनच अक्षरांचे होतात आणि भार दुसऱ्या अक्षरावर पडतो. छंद तीन अक्षरे मागतो, जीभ दोनच देते. या ओढाताणीतून प्रत्येक शब्दानंतर एक बारीक फट राहते. रुळांच्या सांध्यावरून चाक जाताना बसणारा धक्का येथे ऐकू येतो, असे अनुकरणवादी वाचक म्हणेल, आणि तेवढ्यापुरते ते मान्य करावे लागेल.

मात्र तीन अक्षरांचा हा अखंड ठोका काही ठिकाणी आतून फुटतो. तेथे तीनऐवजी दोन अधिक एक अशी विभागणी होते. हे एकाक्षरी शब्द कोणते ते पाहिले पाहिजे. ग, मी, तू, या, रे, ती, तो, अन् एवढीच ही यादी आहे. त्यांतील शेवटचे उभयान्वयी अव्यय सोडले, तर बाकी सर्व सर्वनामे किंवा संबोधने आहेत. म्हणजे लयीचा गट फुटतो तो बहुधा कोणीतरी कोणालातरी ‘तू’ म्हणते, स्वतःला ‘मी’ म्हणते, किंवा हाक मारते त्या ठिकाणी. ठोक्याच्या यांत्रिक सलगतेत माणसाचे नाते याच फटीतून शिरते.

त्यांतही ‘ग’ आणि ‘रे’ यांचा भेद महत्त्वाचा आहे. जमीन आणि गाडी हे दोन्ही शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहेत. जमीन गाडीला उद्देशून ‘ग’ म्हणते. ही बायकांच्या आपसातील बोलण्याची, जात्यावरच्या ओवीची हाक आहे. विनवणी नाकारण्यापूर्वी ती आपलेपणाने केली गेली आहे, हे या एका अक्षरातून कळते. गाडीने या हाकेला तशीच हाक परत दिलेली नाही. ती जमिनीला केवळ विशेषणे देते. तिची स्वतःची हाक आपल्या चक्रांना आहे, आणि ती ‘रे’ची आहे. जमिनीचे संबोधन सखीला उद्देशून आहे, गाडीचे संबोधन हाताखालच्यांना. दोन स्वभावांतील हे अंतर कवीने कोणत्याही वर्णनाविना, केवळ दोन एकाक्षरी शब्दांनी दाखविले आहे.

५

या कवितेतील यमके वरवर पाहता साधी, किंबहुना सोयीची वाटतात. त्यांतील सर्वांत मोठा गट ‘ऊन’ प्रत्ययान्त रूपांचा आहे. नमून, चुरून, होऊन, सोडून, माजून, रोवून, फुंकून, घालून ही त्यांतील रूपे आहेत. प्रत्ययावर यमक साधणे हे छंदशास्त्राच्या दृष्टीने दुर्बल मानले जाते. पण येथे त्या प्रत्ययाचे व्याकरण काय करते हे पाहावे. ‘ऊन’ प्रत्ययान्त रूप ही पुरी क्रिया नव्हे. तिला पुढे मुख्य क्रियापद हवे असते. ओळीच्या शेवटी असे रूप आले की कान यमकावर थांबू पाहतो आणि अर्थ थांबू देत नाही. अभंगातील थांबा काढून टाकल्यावर जी गती निर्माण झाली, तिला ही यमके दुसऱ्या बाजूने ढकलतात.

‘जमीन’ हा शब्द यमकस्थानी तीनदा येतो, आणि तिन्ही वेळा त्याचा जोडीदार वेगळा आहे. पहिल्यांदा ‘नमून’, दुसऱ्यांदा ‘होऊन’, तिसऱ्यांदा ‘वचन’. तिन्ही ठिकाणी समान आहे तो केवळ अन्त्य नकार. त्याआधीचा स्वर कोठेच जुळत नाही. जमिनीला या कवितेत पूर्ण यमक मिळत नाही. पहिल्या जोडीत मकार-नकारांच्या उलटसुलट रचनेने जमीन आणि तिचे नमणे जवळ आणले आहेत, पण स्वर तेथेही विलग आहेत. तिसऱ्या जोडीत तिच्यासमोर गाडीचे उद्दाम वचन उभे राहते आणि येथूनच कविता वळते. आरंभी जमीन यमकाने नमण्याशी जोडलेली होती, शेवटी ती वचनाच्या समोर ठाकते. तिचा प्रवास एवढाच आहे, आणि तो यमकस्थानी वाचता येतो.

दुसरी मालिका ‘आर’ या ध्वनीची आहे. खिंडारे आणि निखारे ही जोडी जमिनीच्या तोंडी येते. तिच्या जखमांची ती नावे आहेत. गरारा आणि दरारा ही जोडी गाडीची आहे. कवितेतील सर्वांत भरीव, सर्वांत आत्मसंतुष्ट यमक हेच आहे, आणि गर्वाला ते शोभते. पुकारी आणि कपारी या जोडीत तोच ध्वनी पुन्हा जमिनीकडे आणि डोंगरांकडे परततो. जखमेचा ध्वनी दहशतीने उचलला आणि दहशतीचा ध्वनी प्रतिध्वनी होऊन आला, असा हा क्रम आहे. त्यानंतर सूडाचा ‘धुमारा’ येतो. कान पुन्हा ‘आरा’ची अपेक्षा करतो, आणि त्या जागी ‘कलला’ हा शब्द मिळतो. यमक केवळ अन्त्य आकारावर लोंबकळते. पूल ज्या शब्दात कलतो त्याच शब्दात यमकही कलते. ही कवीची कसर असेल असे मानणाऱ्याला मागची तीन भक्कम यमके आठवावी लागतील. ज्या कवीने तो ध्वनी तीनदा अचूक जुळविला, त्याने चौथ्यांदा तो नेमका याच जागी सोडावा, हा योगायोग असो वा हेतू, वाचकाच्या कानावर होणारा परिणाम एकच आहे. आधार सुटल्याचा.

शेवटच्या द्विपदीतील यमक ‘खालती’ या शब्दावर येऊन थांबते. जमिनीच्या पहिल्या गाऱ्हाण्यात वर कोण आणि खाली कोण याची वाटणी झालेली होती. तेथे ‘वरून’ हा शब्द यमकस्थानी होता आणि ‘खाली’ हा ओळीच्या पोटात दडपलेला होता. कवितेच्या अखेरीस खालचा शब्द यमकस्थानी येतो आणि गाडी तेथे पोचते. कवितेत गाडीला गंतव्य नव्हते असे वर म्हटले. छंदाने तिला एक गंतव्य नेमून दिले होते, ते हे.

६

क्रियापदांची योजनाही याच दिशेने जाते. निवेदक जमिनीविषयी बोलतो तेव्हा आक्रंदे, विनवी, थरारे, पुकारी अशी जुन्या पद्यभाषेतील एकारान्त-ईकारान्त रूपे वापरतो. गाडीविषयी बोलताना मात्र बोलली, शिरली, पडली असा साधा भूतकाळ येतो. गाडीची कृत्ये घडून जातात, त्यांची नोंद होते. जमिनीचे आक्रंदन कोणत्या काळात चालले आहे हे सांगता येत नाही. ते आताही चालू असेल. गाडीच्या स्वतःच्या बोलण्यातील धावण्याची प्रतिज्ञा भविष्यकाळी आहे, आणि त्या भविष्याला उत्तर म्हणून निवेदकाचा भूतकाळ येतो. पुलाला मात्र दोन्ही रूपे मिळतात. तो ‘कोसळे’ या जमिनीच्या क्रियारूपातही आहे आणि ‘कलला’ या भूतकाळातही. पूल जमिनीचा की गाडीचा, या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणापर्यंत अनिश्चित होते.

दुर्बळ आणि भेकड ही दोन विशेषणे गाडी वेगवेगळ्या ओळींत, सैलपणे फेकते. जमीन ती दोन्ही उचलून एका चरणात शेजारी-शेजारी ठेवते. दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे असल्याने चरण नेमका भरतो, आणि गाडीने पसरलेला अपमान जमिनीच्या तोंडी घट्ट होऊन परततो. जमिनीला स्वतःचे नवे शब्द सुचत नाहीत, ती शत्रूचेच शब्द छंदात बसविते. नाटककार शिरवाडकरांची संवादरचनेवरील पकड येथे कवितेतच दिसून येते.

७

आता अनुकरणाच्या प्रश्नाकडे परत येता येईल. तीन-तीन अक्षरांचा ठोका चाकांसारखा वाटतो हे खरे असले, तरी तो सुरू केव्हा होतो? गाडी बोलण्यापूर्वी, जमिनीच्या पहिल्या विनवणीत. गाडी पुढे बोलू लागते तेव्हा तोच चरण, तेच गट, त्याच प्रकारची यमके ती वापरते. दोघींच्या बोलण्याची लांबीही जवळजवळ सारखी आहे. कवीला गाडीसाठी वेगळी चाल योजता आली असती. संवादात्मक कवितेत पात्रागणिक वृत्त बदलण्याची रीत मराठीला अपरिचित नाही. ते त्याने केले नाही. याचा अर्थ असा की गाडीची अशी स्वतंत्र लय या कवितेत नाही. ती जमिनीच्या चरणावर धावते. तिचा दर्प, तिची गर्जना, तिचा दरारा हे सारे ओवी-अभंगाच्या सहा अक्षरांवर उभे आहे, आणि ज्याच्यावर आपण उभे आहोत ते तिला ऐकू येत नाही. रूपकाने जे विधान उघडपणे केले आहे, त्याहून हे विधान सूक्ष्म आहे. शोषकाचे बळ शोषिताकडून आलेले असते हे तत्त्व कवितेत कोठेही सांगितलेले नाही. ते लयीत घडते.

परंतु याच निष्कर्षाची दुसरी बाजू कवितेच्या रूढ वाचनाला अडचणीची आहे. लय जर दोघींची एकच असेल, तर सूडाची लयही तीच आहे. जमीन विनवीत होती तेव्हाचा ठोका आणि तिने पूल ढासळविला तेव्हाचा ठोका यांत फरक नाही. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे नियम सांगितले. त्या दृष्टीने पाहिल्यास या कवितेत संवाद भरपूर आहे, विरोधही आहे, समतोल मात्र नाही. गाडीची शकले झाल्यावर अभंगातील चार अक्षरांचा चरण परत आला असता, तर कविता विसावली असती आणि न्याय झाल्याचे समाधान वाचकाला मिळाले असते. तो चरण येत नाही. शेवटची ओळही बारा अक्षरांचीच आहे, तिच्यातही तीन अक्षरांचे चार ठोके आहेत. गाडी थांबली तरी छंद थांबत नाही.

अशा कवितेवर वक्तृत्वाचा आरोप सहज करता येतो. ती सभेत म्हणण्यास सोपी आहे, तिचे रूपक तत्काळ कळते, तिचा शेवट टाळी घेतो. पाठांतराने तिला जेवढे आयुष्य दिले तेवढेच तिच्या शेवटाला गुळगुळीतही केले. प्रवासी नसलेल्या गाडीचा अपघात हा निर्दोष अपघात असतो. कोणी मेले नाही, केवळ गर्व हरला. प्रवाशांना वगळणे ही रूपकाची गरज होती आणि तीच त्याची मर्यादाही आहे. ज्या गाडीच्या डब्यांत माणसे आहेत तिच्याविषयी ही कविता काही सांगू शकत नाही.

तरीही छंदाकडे लक्ष देणाऱ्या वाचकाला हा शेवट पूर्ण विजयाचा वाटणार नाही. गाडी पडली ती जमिनीवरच. हजार शकलांचे ओझे पुन्हा तिच्याच छातीवर आले. तिच्या खिंडारांविषयी, तिच्या भाजलेल्या अंगाविषयी अखेरच्या ओळी मौन बाळगतात. तिला पूर्ण यमक मिळाले नाही ते नाहीच. जमिनीचा क्रोध कविता न्याय्य ठरविते, पण त्या क्रोधाने जमीन पूर्ववत झाली असे ती म्हणत नाही. संतांच्या अभंगात आर्ततेनंतर जो विसावा येतो तो येथे रचनेतूनच वगळलेला आहे, आणि १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात तो नसणे हे त्या काळाशी प्रामाणिक राहणेच होते.

लोहमार्ग, धरण किंवा महामार्ग यांसाठी जमीन घेतली जाते तेव्हा या कवितेची आठवण निघते, आणि ती बहुधा तिच्या शेवटासाठी निघते. तिचे छंदशास्त्र मात्र आरंभाकडे बोट दाखविते. विनवणीच्या त्या पहिल्या चरणात एका अक्षराची हाक आहे, जी ठोक्याला क्षणभर फोडते. तिला उत्तर मिळाले असते तर पुढचे काही घडले नसते. कवितेतील सगळी गती त्या न मिळालेल्या उत्तरापासून सुरू होते.